उजव्या खिशातली गाठ

गळ्यातली टेप काढायची, डाव्या मांडीभोवती गुंडाळायची, आकडा मोठ्यानं म्हणायचा. मग उजवी मांडी, मग पोटऱ्या, मग घोटे. गिऱ्हाइकाचं माप घेताना मास्तर जितके गंभीर असत, तितकेच स्वतःच्या पायांचं घेतानाही असत. शेजारी बायको मापांची वही घेऊन बसलेली. शेवटचा आकडा झाला की मास्तर म्हणत, "लिही. आज दोघं शहाण्यासारखे हाईत." दोघं म्हणजे पाय. मग टेप परत गळ्यात आणि मास्तर परत कापडावर.

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात कधी कापड घ्यायला गेला असाल तर हा प्रकार तुम्हीही पाहिला असेल. गल्लीच्या तोंडाशी एक ठेंगणं दुकान, जमिनीवर गोणपाटाची बैठक, त्यावर भिंतीला टेकून पाय लांब सोडून बसलेले मास्तर आणि त्यांच्या मांड्यांवर आडवी ठेवलेली फळी. नव्या माणसाला वाटे, हा शिंपी रोज स्वतःसाठी विजार शिवतो की काय. जुन्यांना ठाऊक होतं की मास्तरांना कमरेखालचं काही कळत नाही. पायात सुई टोचली तरी ती आधी बायकोला दिसायची.

ते पडले तेही कापडापायीच. कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवाचं कापड हातभर कमी पडलं. दुसऱ्या कुणी तुकडा जोडून वेळ मारून नेली असती. मास्तरांना जोड दिसलेला खपत नसे, म्हणून ते स्वतः बांबूवर चढले आणि कापड ताणायला लागले. कापड पुरलं. मास्तर खाली आले ते पाठीवर. पुढं ही हकीकत सांगताना ते न चुकता म्हणत, मांडव मात्र शेवटपर्यंत झकास दिसत होता.

पायाची मशीन त्यांनी बायकोला दिली आणि आपण हाताची मशीन आणि कात्री घेतली. बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणायची. धंदा चालला. कापणं मास्तरांचं, शिवणं बहुतेक अक्कांचं आणि गिऱ्हाइकाशी वाद घालणं दोघांचं मिळून. मास्तर गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये बोलत, बायकोशी मराठीत आणि अडलेल्या मशीनशी दोन्हींत.

मी तेव्हा हुबळीतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी मूळचा अळणावरजवळच्या खेड्यातला, धारवाडात केलगेरीला खोली घेऊन राहायचो आणि रोज बसनं हुबळी गाठायचो. नोकरी नवी होती आणि अजून कायम झाली नव्हती. लोक एक्स-रेला फोटो म्हणत आणि मला फोटोसाहेब. साहेब म्हणवून घ्यायची सवय मला नोकरीच्या आधीच लागली असावी, कारण मी कुणालाच दुरुस्त केलं नाही.

मास्तर पहिल्यांदा आले ते कापडाचे तागे नेणाऱ्या हातगाडीवरून. डॉक्टरांनी विचारलं, कुठं दुखतंय. मास्तर म्हणाले, कुठंच नाही. मग आलात कशाला, असं डॉक्टरांनी विचारल्यावर मास्तरांनी गळ्यातली टेप काढून डाव्या मांडीला लावून दाखवली. काल संध्याकाळपर्यंत पंधरा इंच होती, आज साडेसोळा आहे. सकाळी विजार चढवताना अक्कांना काडी मोडल्यासारखा आवाज आला होता. तेवढ्यानं मोडायला हाड म्हणजे काय खडू आहे का, असं म्हणत डॉक्टर हसले आणि फोटो काढायला पाठवलं. फिल्म धुऊन वर धरली तर मांडीचं हाड गुडघ्याच्या वर मोडलेलं. वापरात नसलेल्या पायाची हाडं आतून विरत जातात, जुन्या धोतरासारखी. हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. मास्तरांना त्यांनी सांगितलं ते एवढंच, की तुम्हाला चालायचं तर नाहीच, मग बसवाबसवी कशाला, जुळेल तसं जुळू दे.

मास्तर शांतपणे म्हणाले, "चालायचं कुणाला हाय? मला बसायचं हाय."

मग त्यांनी डॉक्टरांना त्यांचा धंदा समजावला. मांडी वाकडी जुळली तर तिच्यावरची फळी तिरकी बसणार. फळी तिरकी, तर कापड तिरकं. कापड तिरकं, तर हुबळीतल्या निम्म्या लोकांच्या विजारी एका बाजूला चालणार. डॉक्टरांची स्वतःची विजार दुर्गदबैलातच शिवलेली असावी, कारण त्यांनी हाड ताणून सरळ केलं आणि नीट प्लास्टर घातलं. शेजारच्या खाटेवर हात मोडलेला एक हमाल रात्रंदिवस विव्हळत होता. तो मास्तरांना म्हणाला, तुम्ही नशीबवान, मोडूनही दुखत नाही. मास्तरांनी त्याला अदलाबदल करायची का म्हणून विचारलं. तो पुन्हा विव्हळू लागला, पण जरा हळू.

हाड दोन महिन्यांत जुळलं. प्लास्टर काढलं तेव्हा डाव्या घोट्याशी कातडं काचून जखम झालेली निघाली. दुखत नसल्यानं तिनं कुणाला हाक मारली नव्हती. हाडाला दोन महिने लागले, घोट्याला सहा. तेव्हापासून मास्तरांना मोडण्यापेक्षा प्लास्टरची धास्ती जास्त. ते त्याला ट्रायल न घेता अंगावरच शिवलेला कोट म्हणायचे. उसवता येत नाही, सैल करता येत नाही, आत काय चाललंय ते दिसत नाही. उसवता येणं ही मास्तरांच्या लेखी फार मोठी गोष्ट होती. बाही चुकलेलं गिऱ्हाईक तावातावानं आलं की ते कपडा हातात घेत आणि म्हणत, "बिडरी. कापड कापलं न्हाई, नुसतं शिवलंय. उसवता येतंय." बिडरी म्हणजे सोडून द्या हो. एवढ्यावर निम्मी भांडणं मिटायची.

रोजचं माप घेणं पहिल्या मोडीच्या आधीपासूनच होतं, आता ते आणखी कडक झालं. पाय आपल्याशी बोलत नाहीत, तेव्हा त्यांच्यावर नजर ठेवायला हवी, असं त्यांचं म्हणणं. पाय कधीकधी दुसऱ्यांच्या तोंडी निरोपही पाठवत. कारण नसताना कपाळाला दरदरून घाम आला, की मास्तर समजत खाली काहीतरी घडलंय, आणि टेप काढत.

दीडेक वर्षानं असाच घाम आला. खाली सरकताना उजवा पाय फळीखाली अडकून मुरगळला होता. टेपेनं उजवी मांडी सोळा सांगितली. मास्तरांनी शिंप्याच्या निळ्या खडूनं तिच्यावर ठळक फुली मारली आणि परत हातगाडीवरून शनिवारी दुपारी दवाखान्यात आले. मोठे डॉक्टर गावाला गेले होते. एक नवे तरुण डॉक्टर होते आणि बाहेर ही गर्दी.

आता माझं सांगतो. उजव्या-डाव्याची खूण म्हणून फिल्मच्या पेटीवर ठेवायची शिशाची दोन अक्षरं आमच्याकडे होती. त्यातलं एक महिन्यापूर्वी हरवलं होतं. नवं मागवायचं मी रोज ठरवत होतो. तोपर्यंत फिल्म धुतल्यावर कोपऱ्यात पांढऱ्या शाईनं लिहायचं, असं चाललं होतं. मास्तरांच्या जुन्या कागदावर डावी मांडी लिहिलेली होती. माझ्या डोक्यातही मास्तर म्हणजे डावी मांडी हेच घट्ट बसलेलं. ओल्या फिल्मवर मी झोकात डावा असं लिहिलं आणि पुढचा रोगी घेतला.

तरुण डॉक्टर म्हणाले, तोच पाय परत मोडलाय. मास्तर म्हणाले, नाही, उजवा. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला कसं कळणार, तुम्हाला तर काही जाणवत नाही. मास्तरांनी टेप दाखवली, खडूची फुली दाखवली. डॉक्टरांनी सांगितलं की टेप विजारीसाठी ठीक आहे, इथे फिल्म चालते. पांगळ्या माणसाचं त्याच्या पायाबद्दलचं मत कुणी का ऐकावं? मास्तर शेवटी म्हणाले, "फोटोसाहेबांना विचारा की."

डॉक्टरांनी मला बोलावून विचारलं. मी फिल्म वर धरली. माझं अक्षर होतं, वळणदार. न बघताच लिहिलं की काय, अशी शंका मला आली, हे मी आज कबूल करतो. पण बाहेर रांग होती, डॉक्टर चिडलेले होते आणि माझी नोकरी कायम व्हायची होती. मी म्हणालो, "लिहिलंय तसंच असणार." मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी टेप गुंडाळून खिशात ठेवली. तिची जागा गळ्यात असे. खिशात गेलेली मी त्या एकदाच पाहिली.

धडधाकट डाव्या पायाला मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर बसलं. मोडलेला उजवा मोकळा राहिला.

रविवारी सकाळी केलगेरीच्या खोलीबाहेर मी पांढरा कोट धुवायला काढला. उजव्या पायाखाली फिल्मची पेटी सरकवताना बाही जिथं घासली असती, तिथं निळा खडू लागला होता. साबण लावायच्या आधीच मला सगळं कळलं. तडक बस धरून जायला हवं होतं. पण रविवार आहे, मोठे डॉक्टर नाहीत, एका दिवसानं काय होतंय, अशी कारणं मी एकामागून एक काढली. मी सोमवारी गेलो. भित्रा माणूस नेहमी कामाच्याच दिवशी शूर होतो, हे माझ्याकडं बघून सांगता येईल.

वॉर्डात मास्तर उजव्या मांडीचं माप घेत होते. साडेसतरा. मी खाटेशी जाऊन उभा राहिलो. मास्तरांनी मला वाट पाहायला लावलं नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब, आणखी एक फोटो काढा. उजव्याचा. शिंप्यानं हट्ट धरलाय म्हणून सांगा."

"मास्तर, ते मी..."

"बिडरी. पाय कापला न्हाई न्हवं? नुसतं प्लास्टर घातलंय. उसवता येतंय."

नवी फिल्म काढली. मोठे डॉक्टर परत आले होते. त्यांनी दोन्ही फिल्मा शेजारीशेजारी धरल्या आणि थंड आवाजात विचारलं, हे कसं झालं. तरुण डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं. तेवढ्यात खाटेवरून मास्तर म्हणाले, "चूक माझी हाय, साहेब. मलाच कळंना कुठला पाय मोडला ते. मी डावा म्हणलो आसंन."

वॉर्ड हसला. तरुण डॉक्टर हसले, सिस्टर हसल्या, शेजारच्या खाटेवरचा रोगी हसला. आपला कुठला पाय मोडला ते ठाऊक नसलेला माणूस, यापेक्षा गमतीचं काय असणार? मोठे डॉक्टरही ओठ दाबून वहीत काहीतरी लिहू लागले. शनिवारी ज्या माणसावर कुणी विश्वास ठेवला नव्हता, त्याचं सोमवारी सगळ्यांनी एका वाक्यात ऐकलं. आणि सांगायला लाज वाटते, पण मीही हसलो. न हसतो तर संशय आला असता.

डाव्या पायाचं प्लास्टर कापलं. घोट्याची जुनी जखम दोन दिवसांत पुन्हा उघडली होती. मास्तरांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, शर्टाच्या बटनाएवढी.

उजव्याला प्लास्टर घालायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना कागदावर आकृती काढून दाखवली. जाड मांजरपाटाची एका पायाची विजार, पुढून उघडी, नाड्यांनी बांधायची. तिला उभे कप्पे, कप्प्यांत बांबूच्या पट्ट्या, आतून पिंजाऱ्याकडच्या कापसाचा जाड थर. रोज संध्याकाळी नाड्या सोडून कातडं बघता येईल आणि पाय सरळचा सरळ राहील. डॉक्टरांनी तो कागद फिल्मसारखा वर धरून पाहिला. मग म्हणाले, उद्यापर्यंत शिवून तयार पाहिजे. अक्कांनी हाताची मशीन रिक्षात घालून वॉर्डात आणली आणि खाटेवर आडवी फळी टाकली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तर विजार तयार नव्हती, कापूस तसाच पडलेला. मास्तर दुसरंच काहीतरी शिवत होते. डॉक्टर भडकले. तुमचं हाड मोडलंय आणि तुम्ही काय करताय, म्हणाले. मास्तरांनी सांगितलं की एका गिऱ्हाइकाचं अर्जंट काम निघालंय, ते आधी देणं भाग आहे, माझं उद्या. स्वतःच्या मोडक्या पायाला गिऱ्हाइकाच्या मागं रांगेत उभा करणारा रोगी डॉक्टरांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. ही गोष्ट पुढं कितीतरी दिवस दवाखान्यात सांगितली जायची. शिंप्याची जात तारीख पाळायची नाही, स्वतःचीसुद्धा, असं म्हणून लोक हसायचे. मीही ती दोनचार वेळा रंगवून सांगितली.

विजार तिसऱ्या दिवशी झाली आणि हाड सरळ जुळलं. फळी परत समतल बसली. मोठ्या डॉक्टरांनी नंतर तशा आणखी विजारी मास्तरांकडून शिवून घेतल्या. वॉर्डात त्यांना मास्तर-प्यांट म्हणत. पाहुणे डॉक्टर आले की मोठे डॉक्टर त्या आपली कल्पना म्हणून दाखवत. मास्तरांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की कल्पना त्यांची असेना, काजं आमची आहेत.

घरी जाताना त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं दिलं. आत पांढरा कोट होता. माझं माप त्यांनी कधी घेतलं मला माहीत नाही, नुसतं बघून घेतलं असणार. उजव्या खिशाच्या आत, कडेला, जाड दोऱ्याची एक टणक गाठ होती. "उजवा खिसा हाय ह्यो," मास्तर म्हणाले. "तुमच्या अंधाऱ्या खोलीत बी हाताला लागंल." त्यापलीकडं ते त्या शनिवारबद्दल माझ्याशी कधी एक अक्षर बोलले नाहीत.

गाठीनं काम चोख केलं. फिल्म पाण्यातून काढली की माझा हात आधी खिशात जायचा, गाठीला लागायचा आणि मगच शाईकडं वळायचा. त्यानंतर मी उजव्याचं डावं कधी केलं नाही. वर्षभरात नोकरी कायम झाली. शिशाचं अक्षरही यथावकाश आलं.

डावा घोटा मात्र भरेना. मी दर रविवारी सकाळी गॉज आणि औषध घेऊन दुर्गदबैलात जाऊ लागलो. पट्टी बदलायला सिस्टर येऊ शकली असती, पण मी कुणाला येऊ दिलं नाही. मास्तर जखमेचं माप बटनांत सांगायचे. आज शर्टाचं. आज कोटाचं. एकदा आनंदानं म्हणाले, "आज झबल्याचं बटन." दोनदा ती पूर्ण बुजली आणि दोनदा उघडली. पाय लांब करून ते माझ्या हवाली करत आणि वर कापड कापत राहत, जणू खाली चाललेलं काम दुसऱ्या कुणाच्या दुकानातलं आहे. पट्टी बांधून झाली की अक्का चहा देत. सहा वर्षं हे चाललं. मी माफी मागायचं रोज ठरवत होतो, अगदी त्या शिशाच्या अक्षरासारखं.

एका उन्हाळ्यात मास्तरांना ताप भरला आणि तो उतरेना. दवाखान्यात छातीचा फोटो काढायला त्यांना माझ्याकडं आणलं. अंगात काही उरलं नव्हतं. मी फिल्म लावत असताना ते म्हणाले, "साहेब, ह्या वेळी घोळ न्हाई. काळीज एकच असतंय." मी खिशातल्या गाठीला हात लावला, खूण केली आणि बटन दाबलं. चार दिवसांनी ते गेले. कागदावर मूत्रपिंडाचं कारण लिहिलं होतं. ताप घोट्यातून चढला की कुठून, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारायला जसा माणूस लागतो, तसा मी तोवर झालो नव्हतो.

पुढच्या रविवारी पाय आपोआप दुर्गदबैलाकडं वळले. हातात गॉजची पिशवी होती, ते तिथं पोचल्यावर लक्षात आलं. दुकान उघडं होतं. गोणपाटाची बैठक रिकामी होती आणि फळी भिंतीला उभी लावलेली. अक्का मशीनवर होत्या. त्यांनी पिशवीकडं पाहिलं, पाय थांबवले आणि मला बसा म्हणाल्या.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. फिल्मवर चुकीचं मी लिहिलं होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो. घोटा माझ्यामुळं उघडला.

अक्कांनी दोरा दातानं तोडला. "ठाऊक हाय की," त्या म्हणाल्या. "शनिवारीच म्हणाले मला, फोटोवाला चुकला, पर भ्यालाय, काय बोलू नको. सोमवारी मशीन आणायला लावली, तवा मी म्हणलं आधी तुमची विजार शिवा. तर म्हणाले, माझा पाय थांबंल. उद्या त्याच्या हातात दुसऱ्या कुणाचा पाय येणार, ते थांबत न्हाई. कोट आधी." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "अर्जंट गिऱ्हाईक तुम्हीच न्हवं."

मशीन पुन्हा चालू झाली. माझा हात उजव्या खिशात गेला आणि आत चाचपत राहिला. रविवार होता. अंगात साधा सदरा होता.